थंड ऑइलचा मेसेज आणि बिचारा थर्मोस्टॅट

ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपांवर दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक सख्ख्या मेव्हण्याकडून. सार असं: डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जास्त तापतं, म्हणून थर्मोस्टॅट (पाण्याला रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारी झडप) काढून टाका. ऑइल घट्टातलं घट्ट वापरा. दोन दिवसांत काळं पडलं तर ते भेसळीचं समजा. ऑइल कूलर हा कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा, आजोबांच्या इंजिनाला होता का? आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘ऑइल जितकं थंड, तितकं इंजिनाचं आयुष्य जास्त’.

गडबड पहिल्याच वाक्यात आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत ओढलेली हवा पंधरा-वीस पट दाबली की ५०० अंशांच्या पुढे तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल तिच्यात आपोआप पेटतं. आकडा ऐकून धडकी भरते, पण एवढ्यावरून इंजिन जास्त तापतं असं ठरत नाही. पेट्रोलचा हिशोब साधारण १४.७ भाग हवेला १ भाग इंधन असा बांधलेला असतो. डिझेलमध्ये हवा पोटभर येते आणि डिझेल मात्र लागेल तेवढंच पडतं. ट्रॅक्टर नुसता उभा घुरघुरत असेल तर एका भागाला ऐंशी-शंभर भाग हवा. एवढ्या हवेत एवढंसं डिझेल जळून तापणार किती? थंडीत डिझेल गाडीचा हीटर लवकर गरम होत नाही तो यामुळेच. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ साली ऑग्सबुर्गला चाचणी झाली, तेव्हा त्याने इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावली होती. या इंजिनाचं नाव झालं तेच उष्णता कमी वाया घालवतं म्हणून.

आता थर्मोस्टॅट. त्यात मेणाची एक डबी असते. पाणी ८० अंशांच्या आसपास गेलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. त्याआधी ते इंजिनातच फिरत राहतं, आणि ते मुद्दाम. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं! बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. तिच्याबरोबर न जळलेलं डिझेल आणि आम्लंही उतरतात. ऑइल ९० ते ११० अंशांत असेल तर पाणी उडून ब्रीदरवाटे, म्हणजे चेंबरची वाफ सोडणाऱ्या नळीतून, बाहेर जातं. तेच ऑइल ५० अंशांवर राहिलं तर पाणी आत साठतं, आणि लायनरला (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) आणि बेअरिंगला गंज धरतो.

हा धडा मी पैसे देऊन शिकलो आहे. एका फिटरने माझ्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट काढून फेकला. पुढच्या हिवाळ्यात ऑइल टाकायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर दिसू लागला. त्याच फिटरने हेड गॅस्केट (पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारी पट्टी) गेलंय म्हणून खर्चाचा कागद हातात दिला. दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रीने आधी ऑइलची पातळी मोजायची पट्टी काढून पाहिली. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ होतं, कुलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी झालेलं नव्हतं. त्याने नवा थर्मोस्टॅट बसवला आणि भरली ट्रॉली जोडून तासभर फिरवून आणायला सांगितलं. थर गेला. पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असतं तर गोष्ट वेगळी होती, मग हेड उघडावंच लागलं असतं.

विहिरीवरच्या इंजिनांचंही तेच. पंपाचंच गार पाणी जॅकेटमधून सोडलेलं असतं आणि बाहेर पडणारं पाणी हाताला गारच लागलं की मालक खूश. ते चांगलं चटका देण्याइतकं कढत हवं. गार इंजिन डिझेलही जास्त पितं.

म्हणजे ऑइल कितीही तापू द्यायचं का? नाही. ठरलेल्या मर्यादेच्या वर दर १० अंशांना ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. १३० च्या वर ते भराभर डांबरट होत जातं. कूलर लागतो तो इथे.

आजोबांच्या इंजिनाचा मुद्दा मला खरंच आवडला, कारण त्याचा हिशोब मांडता येतो. किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-१ घ्या. ५५३ सीसी, मिनिटाला १५०० फेरे, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही. लिटरमागे साधारण ९ हॉर्सपॉवर. आजच्या कारमधलं १.५ लिटरचं टर्बो डिझेल ११० च्या पुढे जातं, म्हणजे लिटरमागे ७० पेक्षा जास्त. पिस्टनच्या माथ्यावर ३०० अंशांच्या आसपास तापलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं आणि तिथे कुलंट पोचत नाही, म्हणून खालून बारीक नोझलने ऑइलची पिचकारी मारतात. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. ही सगळी उष्णता घेऊन ऑइल चेंबरमध्ये येतं, आणि कूलर ती कुलंटला देतो. सकाळी हाच कूलर उलटं काम करतो: कुलंट आधी तापतं आणि ऑइलला गरम करतं. कूलर गळायला लागला की काही ठिकाणी त्याला बगल देऊन पाइप जोडून देतात. घरी पोचण्यापुरतं ठीक. तसंच ऊस वाहत राहिलात तर पिस्टन तापून लायनरमध्ये अडकून बसेल.

घट्ट ऑइलबद्दल थोडं खरं आहे. झिजलेल्या जुन्या इंजिनात घट्ट ऑइलने आवाज आणि धूर कमी होतो, मिस्त्री ते सांगतात आणि चुकत नाहीत. पण चांगल्या इंजिनात १५डब्ल्यू-४० च्या जागी त्याहून घट्ट ग्रेडचं २०डब्ल्यू-५० ओतल्याने ते थंड होत नाही. घट्ट ऑइल स्वतःच घुसळून जास्त तापतं. गेजवर दाब वाढलेला दिसतो, पण पंपाची रिलीफ झडप उघडून बरंचसं ऑइल चेंबरमध्येच परत पडतं. बेअरिंगला दाब नको, वाहतं ऑइल हवं.

काळं पडण्याचं तर हसूच येतं. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरणारच. ती लायनरवर न चिकटता ऑइलमध्ये तरंगत राहावी यासाठीच त्यात रसायनं घातलेली असतात. चार महिने सोनेरी राहिलं तर मी घाबरेन.

मेव्हण्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, काढलेला थर्मोस्टॅट परत बसवताना गॅस्केट नवं लागेल का? लागेल.