सिंदबादशी लढणारा सांगाडा म्हणजे माणूस नाही!
१९५८ च्या 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' या सिनेमातल्या तलवारबाजीच्या क्लिपखाली बरेच जण लिहितायत की सांगाडा म्हणजे काळे कपडे घातलेला माणूस. साफ चुकीचं आहे हे. तो छोटासा पुतळा होता, आत सांधे बसवलेला, आणि स्पेशल इफेक्ट्स करणारे रे हॅरीहाउसेन तो हाताने केसभर हलवायचे, एक फ्रेम (म्हणजे एक फोटो) घ्यायचे, परत हलवायचे, पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात, आता करा हिशोब! हिरो कर्विन मॅथ्यूज तर शूटिंगला चक्क हवेत तलवार चालवत होता, समोर कोणी नसताना नजर बरोबर जागेवर, काय मेहनत असेल राव. आणि सात सांगाड्यांची मारामारी यातली नाहीच, ती ग्रीक कथेवरच्या १९६३ च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' सिनेमातली. इथे सांगाडा एकच आहे.