डाउनलोड अडकलं की "ॲप काढून टाका" हा सल्ला देणं आता बंद करा

मंडळी, आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. व्हिडिओ ॲपच्या हेल्पलाइनवर बसून येईल त्याला "सर, ॲप अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा" एवढंच ऐकवणाऱ्यांना कुणीतरी एकदा सांगा की ॲप काढलं की त्यात उतरवून ठेवलेलं सगळंच्या सगळं जातं. अर्धवट आलेलं तर जातंच, पण जे पूर्ण उतरून नीट चालत होतं तेही जातं. हे तुम्हाला माहीत असतं आणि तरी समोरच्याला सांगत नाही, याचा राग आलाय मला.

आज डायलिसिसला आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, शेजारी पेठ तालुक्यातले एक काका होते. त्यांच्या पाड्यावर रेंज येते ती टेकाडावर चढल्यावर. मुलगा इथे नाशिकला अंबडच्या कंपनीत आहे, तो खोलीवरच्या वायफायवर वडिलांसाठी सिनेमे भरून देतो. काल एक सिनेमा अर्ध्यात अडकला. त्याने हेल्पलाइनला फोन केला आणि त्यांनी सांगितलं तसं इमानदारीत केलं. आज काकांचा फोन कोरा. पोरगा तिथे असा उभा होता जणू वडिलांचं औषध घरी विसरलाय. त्याचं काय चुकलं हो? ज्यांना महिन्याचे पैसे देतो, त्यांच्याच माणसाने सांगितलेलं ऐकलं, एवढंच ना?

यावर "एवढं काय, सिनेमाच तर आहे" असं म्हणणारे येतीलच. त्यांच्या घरात डायलिसिस नाही म्हणून त्यांना तसं वाटतं. आठवड्यातून तीनदा जायचं, दर वेळी चार तास. ज्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) आहे तो हात हलवायचा नाही, त्यात दोन जाड सुया असतात. आईंचा डावा हात असा अडकलेला. एसीचा गारठा, म्हणून अंगावर शाल. पुस्तक वाचा म्हणतात काही जण. एका हाताने पुस्तक धरून पानं उलटून बघा एकदा, तेही आडवं पडून. मोबाईल स्टँडवर लावता येतो, एका बोटाने चालतो. आमचं सेंटर बेसमेंटला आहे, तिथे रेंजचा पत्ता नाही आणि वायफाय फक्त स्टाफसाठी. म्हणून आदल्या रात्री उतरवून ठेवायचं. आईंचं मागणं तरी किती? एक कीर्तन, मालिकेचा कालचा भाग आणि एखादा जुना मराठी सिनेमा.

मागच्या जूनमधली ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. पहिला पाऊस आणि सिडकोतली लाइट, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. गेली, आली, परत गेली. मी नऊलाच तिन्ही गोष्टी डाउनलोडला लावून ठेवल्या होत्या. सकाळी सहाला निघायची गडबड. डबा, फाइल, शाल, रिक्षा. सेंटरला पोचलो, सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आणि आईंनी एका कानात इअरफोन घालून सिनेमावर बोट ठेवलं. ६३ टक्के. खाली एक ओळ: काहीतरी चुकलं, नंतर पुन्हा प्रयत्न करा. कीर्तन आणि मालिका तर रांगेतच राहिलेल्या, सुरूही झाल्या नव्हत्या.

"राहू दे गं, झोपते मी," म्हणाल्या. झोपल्या नाहीत. मशीनच्या पडद्यावर उरलेला वेळ दिसतो. ३:५२. मग ३:५१. चार तास त्या तो आकडा बघत होत्या.

काहीतरी चुकलं म्हणे! काय चुकलं ते सांगा ना. मी नंतर शोधून काढलं, आणि त्यात अगम्य असं काहीच नव्हतं. लाइट गेली तसा राउटर बंद पडला. फोन आपोआप मोबाईल डेटावर गेला. ॲपमध्ये "फक्त वायफायवर डाउनलोड" हे सेटिंग चालू होतं, बहुतेक ॲपमध्ये ते आधीपासून चालूच असतं, म्हणून डाउनलोड थांबलं. इथपर्यंत ठीक. लाइट आली, दोन-चार मिनिटांत राउटर उठला, फोन परत वायफायला जोडला गेला. पण तोवर स्क्रीन बंद होऊन बराच वेळ झाला होता आणि फोनच्या बॅटरी सेव्हरने त्या ॲपला झोपवून टाकलं होतं. मग ते उठलंच नाही. रात्रभर घरात वायफाय होतं, फोन चार्जिंगला होता, स्टोरेज रिकामं होतं, आणि सिनेमा ६३ टक्क्यांवर पडून राहिला.

वायफाय गेल्यामुळे आपण थांबलोय हे त्या ॲपला ठाऊक होतं. मग सकाळी मी स्क्रीन उघडल्या उघडल्या "रात्री वायफाय तुटल्याने थांबलं, सुरू करू का?" असं विचारायला काय जात होतं? निघायच्या आधी निदान कीर्तन तरी उतरलं असतं. आवाजाचं कीर्तन केवढंसं असतं.

आणि हे काही फार पुढचं तंत्रज्ञान मागत नाहीये मी. तुटलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायची सोय वेब ज्या एचटीटीपीवर चालतं त्याच्या नियमांत १९९७ सालीच लिहिली गेली आहे. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनची लाइन अडवून बसायचं प्रकरण होतं. शिवाय आता हे व्हिडिओ काही-काही सेकंदांचे छोटे तुकडे करूनच पाठवतात. म्हणजे आलेले तुकडे ठेवून उरलेले आणायचे, एवढाच प्रश्न. तरीही काही ॲप एकदा तुटलं की परत शून्यापासून सुरू करतात. इथे रोजचा दीड-दोन जीबी पुरवून पुरवून वापरणारी माणसं आहेत. एक जीबी आला, तुटला, परत पहिल्यापासून. त्या माणसाचा त्या दिवसाचा कोटा गेला की हो!

कोट्यावरून आठवलं, हेही कुणी धड सांगत नाही. दिवसाचा डेटा संपला की नेट बंद होत नाही, नुसतं रांगायला लागतं. बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने तासाला जेमतेम २८-२९ एमबी येतात. ३०० एमबीचा एक भाग उतरायला दहा तासांच्या वर जाणार. स्क्रीनवर मात्र "डाउनलोड होत आहे" असंच दिसत राहतं, आणि घरातली म्हातारी माणसं बिचारी तासन् तास त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतात. कोटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो. म्हणजे बारानंतर लावलं तर तेच काम पंधरा मिनिटांत होऊ शकतं. हे ॲपने सांगावं की नाही?

बरं, पूर्ण उतरलं म्हणजे आपलं झालं असंही नाही. फाइल लॉक केलेली असते, आणि ती उघडायचा परवाना सर्व्हरकडून वेगळा येतो. अँड्रॉइडवर हे काम वाइडवाइन करतं, आयफोनवर फेअरप्ले. त्या परवान्याला मुदत असते. काही सेवांवर महिनाभर ठेवता येतं, पण एकदा प्ले दाबलं की ४८ तास. शिवाय काही ॲपना अधूनमधून नेट दाखवावं लागतं, नाहीतर उतरवलेलं असूनही चालत नाही. फोनची तारीख-वेळ चुकलेली असली तरी परवाना अडतो. एका खात्यावर किती फोनमध्ये उतरवायचं यालाही मर्यादा असते, पोराने स्वतःच्या फोनवर भरून ठेवलं की आजीच्या फोनवर "मर्यादा संपली". आणि त्या सेवेकडचे सिनेमाचे हक्क संपले तर उतरवलेला सिनेमा आपल्या फोनमध्ये असूनही बंद.

आता यावर कंपन्यांची बाजू अशी की हे नसेल तर चोरी होईल, आणि निर्मात्यांशी तसे करारच असतात. मान्य. पण मुदत ठेवा ना, मी कुठे नको म्हणतेय? ती सिनेमाच्या नावाशेजारी मोठ्या अक्षरात लिहा. "शुक्रवारी सकाळी ९ पर्यंत चालेल." ज्या बाईला शुक्रवारी सकाळी ८ ते १२ त्या खुर्चीत पडायचंय तिला हे आदल्या रात्री कळायला हवं, बेसमेंटमध्ये गेल्यावर नाही.

आमच्याच नात्यातल्या एकाने मला शहाणपणा शिकवला, "ताई, कशाला पैसे भरतेस, टेलिग्रामवर सगळं मिळतं, लॉक-बिक काही नाही." नाही करणार. माझ्या सासऱ्यांनी हयातभर बसचं तिकीट न काढता प्रवास केला नाही, त्या घरात मी चोरीचे सिनेमे दाखवणार का आईंना? आणि लॉक तोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ कलम आलंय, हक्क मोडण्यासाठी असं लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण मला कायद्याच्या भीतीपेक्षा हे जास्त लागतं की सरळ मार्गाने पैसे भरणाऱ्याला एवढा त्रास, आणि चोराच्या फोनवर सिनेमा पहिल्या झटक्यात चालतो. ६३ टक्क्यांवर अडकतो तो आमचाच, पैसे भरलेल्यांचा.

आता थोडी शांत झालेय, तर हेही लिहिते. हेल्पलाइनवरच्या पोरींवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर जो कागद ठेवलाय तो त्या वाचतात. मी एकदा एकीला सगळं सांगितलं होतं, बेसमेंट, सुया, चार तास, सगळं. ती क्षणभर गप्प झाली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या आजीचं पण डायलिसिस चालू होतं." नंतर कागदावरचं वाक्य म्हणावंच लागलं तिला. तो कागद लिहिणाऱ्याने पहिल्या ओळीत "ॲप काढल्यास आपले सर्व डाउनलोड जातील" एवढं लिहिलं असतं तर आज काकांचा फोन कोरा राहिला नसता.

नाशिकमध्ये हे पुढचं वर्षभर जास्तच होणार आहे, हेही लक्षात घ्या. २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत, रस्ते खोदले जाणार, जेसीबीच्या दातात फायबर सापडणार. कुंभ व्हायला हवा, रस्तेही व्हायला हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण केबल तुटली की चार तासांनी जोडली जाईल का दोन दिवसांनी, हे केबलवाल्यालाही ठाऊक नसतं. आणि डायलिसिसला सुट्टी नसते.

तर ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांच्यासाठी, आमच्याकडे आता काय करतो ते सांगते. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलाय, लाइट गेली तरी तो काही तास तग धरतो. घ्यायच्या आधी आपल्या राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत ते बघून घ्या, सगळे १२ चे नसतात. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्समध्ये जाऊन त्या ॲपच्या बॅटरीचं सेटिंग "अनरिस्ट्रिक्टेड" केलंय, काही फोनमध्ये तेच "नो रिस्ट्रिक्शन्स" असतं. सगळ्यात मोठा फरक याने पडला. क्वालिटी सगळ्यात कमी ठेवलीय, सहा इंची स्क्रीनवर आईंना त्याने काही अडत नाही आणि फाइल निम्म्याहून लहान होते. कीर्तन आधी लावते, सिनेमा शेवटी. स्टोरेजमध्ये दोन-तीन जीबी कायम मोकळे, व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो दर रविवारी साफ. आणि कुणी फोनवर "क्लिअर" करायला सांगितलं तर थांबा. कॅशे साफ केल्याने सहसा डाउनलोड जात नाही, पण डेटा किंवा स्टोरेज क्लिअर केलं तर ॲप काढल्यासारखंच सगळं जातं. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी असतात.

झोपायच्या आधी फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक गोष्ट पाच सेकंद चालवून बघते. चालली आणि मुदत उरलेली असली म्हणजे सकाळी चालणार. जिथे प्ले दाबल्यावर ४८ तासांची मुदत सुरू होते तिथे हे आदल्या रात्रीच करा, चार दिवस आधी नको.

तुमच्या फोनमध्ये बॅटरीचं ते सेटिंग सापडत नसेल तर कमेंटमध्ये फोनचं मॉडेल लिहा, मी किंवा आमचा लेक रात्री बसून उत्तर देतो. आणि कुणाची कुठल्या व्हिडिओ ॲपमध्ये काम करणाऱ्यांशी ओळख असेल तर ही पोस्ट त्यांना नक्की पाठवा. तारीख मोठ्या अक्षरात, थांबल्याचं खरं कारण, आणि हेल्पलाइनच्या कागदावर ती एक ओळ, तीही मराठीत. एवढंच मागतेय.