पिशवी फ्रीजवरच राहू द्या

डॉक्टरकडं निघालात? मग गोळ्यांची ती कॅरीबॅग फ्रीजवरच राहू द्या. रक्तदाबाचा डॉक्टर बेळगावात, गुडघ्याचा मिरजेत, तापाला गल्लीतला. तिघांना एकमेकांच्या गोळ्या दिसल्या तर उगाच प्रश्न वाढतात. कुणी विचारलंच, "आणखी काय चालू आहे?" तर "ती बारीक पिवळी" म्हणून मोकळं व्हावं. ओळखायचं काम त्यांचं, शिकलेत कशाला?

गुडघ्याच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीतही पॅरासिटामॉल. पण वेष्टनं वेगळी, म्हणजे औषधं वेगळी. मागं बारीक अक्षरात नाव छापलेलं असतं. इतकं बारीक छापलंय ते वाचण्यासाठी नव्हेच. मोठ्या माणसानं दिवसात 4 ग्रॅमच्या वर जाऊ नये म्हणतात. 650 ची सातवी गोळी पोटात गेली की ती हद्द ओलांडते. यकृत काही बोलत नाही, त्यामुळं बरं चाललंय असं धरायचं.

आता भाषेचं. आमच्या काकींना आमवातावर मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "वारक्कोम्मे." कन्नडात वार म्हणजे आठवडा. काकींचा वार मराठी: सोमवार, मंगळवार, बुधवार. वाराला एक! "तेवढं कन्नड येतंय की मला," म्हणत त्यांनी इमानानं रोज घेतली. पाचव्या दिवशी तोंड आलं, भाकरीचा तुकडा आत जाईना. उष्णता झाली म्हणून घरात सब्जा भिजला. शेजारच्या अक्कांनी पाकिटावरचं कन्नड वाचलं आणि रिक्षा बोलावली. मग दवाखान्यात मुक्काम.

म्हणून सांगतो, पुन्हा विचारू नका. सीमेचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; तो निघायच्या आत 'वार कुणाचा?' हे काउंटरवर काढणं बरं दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 साली मोहीम काढली: औषधांच्या चुकांनी होणारी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची. चांगली माणसं. आपल्या काउंटरवरची दुपारची रांग त्यांनी पाहिलेली नसणार.

दवाखाना चालवत असाल तर तुमच्यासाठीही एक आहे. चूक झाली की नर्सला मेमो द्या. पुढं नर्स बदलते. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या त्याच कप्प्यात शेजारी नांदतात. कप्पा वेगळा करायचा तर सुतार बोलवावा लागतो, मेमोला एक कागद पुरतो.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली, तेव्हापासून काकी हट्टाला पेटल्यात. पाकिटावर मराठीत 'फक्त रविवारी' लिहून घेतात, वर ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावतात. औषधवाला वैतागतो, रांग थांबते. मागं तुम्ही उभे असाल तर जरूर ओरडा.