लिफ्टचं दार मी लावलं नाही

आधीच सांगून टाकतो, लिफ्टचं दार मी लावलं नाही. ते जपानात लागलं, 2020 सालीच. पण काल घाटंजीहून यवतमाळला निघालेली अर्धी एसटी अजून मलाच दोषी धरत असेल, आणि त्यातले तिघं आमच्याच गावचे होते.

मालिका 'चेरी मॅजिक'. टीव्ही टोकियोची, बारा भागांची, यू टोयोटांच्या 'मांगा'वरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून केलेली. स्टेशनरीच्या कंपनीतला अदाची नावाचा बुजरा माणूस ब्रह्मचारीच तिशी गाठतो, आणि त्या दिवसापासून ज्याला हात लागेल त्याच्या मनातलं त्याला ऐकू येतं. लिफ्टच्या गर्दीत अंग लागतं ते कुरोसावा या देखण्या सहकाऱ्याचं. त्याच्या मनात नुसता अदाचीच भरलेला.

आमच्याकडे तिशी ओलांडून अविवाहित राहिलं की उलटं होतं. जादू आपल्याला मिळत नाही, गावालाच आपल्या मनातलं ऐकू यायला लागतं. आणि ऑफिस म्हणाल तर माझी खुर्ची डेडस्टॉक रजिस्टरला 'निकामी' म्हणून चढलेली आहे, मी तिच्यावर सात वर्षं बसतो. सहकाऱ्याच्या मनातलं ऐकायला हात लावायची गरज नाही. तो सकाळी आल्या आल्या तोंडानंच सांगतो, आणि बहुतेक ते ॲसिडिटीबद्दल असतं.

घरी टीव्ही आईचा, मोबाईल भाच्याचा. उरली एसटी. खिडकीची सीट, मोबाईल काचेकडे वळवलेला, उजेड इतका कमी केलेला की कुरोसावा कंदिलात बसल्यासारखा दिसत होता. इतकी काळजी घेऊनही शेजारी बुढा येऊन बसलाच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट आहे. तेव्हापासून या मंडळींना कुठं जायचं हे ठरवायची गरज उरलेली नाही.

पन्नीतला खर्रा घोटता घोटता त्यानं मान लांब केली. "काय पाहून रायला बाबू?"

"जपानचं आहे, आबाजी."

"आवाज नाही काय याले?" असं म्हणून त्यानं माझ्या डाव्या कानातला इअरफोन काढला आणि खर्ऱ्याच्याच बोटांनी स्वतःच्या कानात घातला. मला तो परत घ्यायचा नाहीये, आजही नाही.

"थो पोट्टा तोंड पाडून काऊन बसला?"

"प्रेम आहे त्याचं."

"कोनावर?"

मी बसभर नजर फिरवली. आवाज उतरवला. "त्या दुसऱ्यावर."

बुढा गप्प. मी मनातल्या मनात पुढच्या थांब्यावर उतरूनही घेतलं. मग तो म्हणाला, "मंग सांगत काऊन नाही? अन् याले तं हात लावला का समजते म्हन्ते ना?"

"हो."

"त्यात काय जादू हाय? बैलबाजारात आमी जनमभर थेच केलं." आणि खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकून त्याच्याखाली त्यानं माझी बोटं धरली. एक बोट दाबलं की इतकं, दोन दाबली की इतकं, मुठीत धरली की इतकं, आणि भोवतीच्या गर्दीला भावाचा पत्ता नाही. "समोरच्याचा हात घामेजला का समजाचं, याले बैल पायजेच हाय. आकडा धरून बसाचं." पडद्यावर अदाची कासावीस होत होता आणि दुपट्ट्याखाली माझा सौदा चालला होता. माझा हात घामेजलेलाच होता. किती ठरलो, देव जाणे.

"आपल्याकडं चालते काय हे?" त्यानं मध्येच विचारलं.

मी सांगितलं, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा नाही म्हटलं. 2023 मध्ये लग्नाला मात्र मान्यता दिली नाही.

"म्हंजे इसार झाला, खरेदी रायली."

"जपानातही खरेदी नाही झाली अजून."

"मंग वावर पडीत ठेवतेत काय!" बुढा खरोखर चिडला. मीही थोडा चिडलो, कारण इतकी वर्षं मला ही गोष्ट एका वाक्यात सांगता आलेली नाही, आणि यानं खर्रा थुंकता थुंकता सांगून टाकली.

तर शेवटचा भाग, शेवटचं दृश्य. दोघं लिफ्टमध्ये. चेहरे जवळ येतात, आणि दार लागतं. संपलं. असंच आहे ते, जगभरचे बघणारे त्यावर हळहळलेत.

"तू बंद केलं!" बुढा ओरडला.

"नाही हो, तसंच आहे."

"म्हाताऱ्यापासून काय लपवतं बे? सहा नातवंडं हायेत मले!"

सगळी बस वळली. मी पुन्हा लावून दाखवलं. दार लागलं. पुन्हा लावलं. मागच्या सीटवरची बाई हाफ तिकीट मुठीत धरून उठली आणि म्हणाली, "दाखवून द्या ना भाऊ, बुढ्याचा जीव कायले घेता?" कंडक्टर आला. त्यानं तिसऱ्यांदा पाहिलं, पंचनाम्यासारखं, आणि घोषणा केली, "साहेब लोकांचं असंच राह्यते."

यात साहेब कोण? डेडस्टॉकच्या खुर्चीवर बसणारा मी? प्रेम दोघांनी करायचं, दार कंपनीच्या लिफ्टनं लावायचं आणि शिव्या मी खायच्या? बॅटरी चार टक्के उरली होती, तीही या खटल्यात गेली. बुढा उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पोट्टा चांगला हाय, पन लपवते."

आज सकाळी पानठेल्यावरून जाताना ठेलेवाल्यानं सुपारी कातरणं थांबवून हाक मारली.

"भाऊ, थे दाराच्या मांगं काय होतं म्हने?"