गादी उचलणाऱ्या हातांचे पैसे

पुण्यात सहकारनगर भागात आमचे जुने घर आहे. ती सोसायटी आता पुनर्विकासाला निघाली आहे. घरे रिकामी करायची म्हणून माळ्यांवरच्या वस्तू खाली येऊ लागल्या आणि सर्वांत आधी अडचण झाली ती जुन्या गाद्यांची. तीन बिऱ्हाडांनी आपल्या फोमच्या गाद्या जिन्याखाली आणून ठेवल्या. रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी त्या नेण्याचे प्रत्येकी तीनशे रुपये सांगितले, कारण डबल बेडची गादी ढकलगाडीवर एकटीने नेता येत नाही, टेम्पो करावा लागतो. त्यावरून सभासदांच्या बैठकीत जो वाद झाला, तो दादाने मला सविस्तर कळवला. ‘मिळकतकर भरतो, दरमहा कचऱ्याचे पैसे देतो, वर हे तीनशे कशाचे?’ असे बहुतेकांचे म्हणणे होते. एका गृहस्थांनी त्यात भर घातली की, परदेशात हे सगळे सरकार फुकट करते. दोन दिवसांनी तिन्ही गाद्या आंबिल ओढ्याच्या काठी पडलेल्या दादाला दिसल्या. त्या कोणी टाकल्या, हे कोणीही सांगत नाही.

मी अठरा वर्षे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते आणि ‘परदेशात फुकट’ हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. या राज्यात १ नोव्हेंबर २०२२ पासून गादी कचऱ्यात टाकायला बंदी आहे. आमच्या गावात माणसाने स्वतः ती ट्रान्सफर स्टेशनवर, म्हणजे गावाच्या कचरा जमा करण्याच्या केंद्रावर, न्यायची असते किंवा पैसे देऊन कोणाकडून उचलून घ्यायची असते. गेल्या वर्षी आमची गादी बदलली, तेव्हा आम्ही दोघांनी ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, कारण पाऊस होता आणि भिजलेली गादी पुनर्वापरासाठी घेत नाहीत. ती गाडीच्या टपावर बांधून नेली. गाडीच्या काचेवरचे गावकरी असल्याचे स्टिकर पाहून तिथल्या खिडकीतल्या बाईंनी गादी आणि बॉक्स स्प्रिंग (गादीखालची स्प्रिंगांची चौकट) असे दोन नग मोजले आणि दोन्हींचे वेगवेगळे पैसे घेतले. पुण्यात ताई जे मागत होत्या, त्याच्या दहापटीहून अधिक रक्कम मी त्या दिवशी दिली. मीही कर भरते, पण हे पैसे कशाचे, असे विचारावेसे मला वाटले नाही.

ते पैसे कशाचे, हे मला ठाऊक होते. इथून जवळच, लोवेल आणि लॉरेन्स या जुन्या गिरणीगावांत, युटेक नावाची एक संस्था तुरुंग आणि टोळ्यांच्या फेऱ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुणांना गाद्या उकलण्याचे काम देते. गादी हाताने सोडवावी लागते. कडेची शिवण सुरीने कापायची, वरचे कापड सोलून काढायचे, मग फोम, कापसाचे थर, लाकडी चौकट आणि स्प्रिंगा असे सगळे वेगवेगळे करायचे. पोलाद भट्टीत जाते, फोमचे तुकडे गालिच्याखालचे अस्तर होतात, लाकडाचा भुसा होतो. वजनाने पाहिले तर गादीचा तीनचतुर्थांश भाग पुन्हा वापरता येतो. ज्या गाद्यांत प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवलेली असते, त्या मात्र कामगारांचा जीव काढतात. हीच गादी खड्ड्यात पुरली तर ती दबत नाही, जागा अडवून बसते आणि तिच्या स्प्रिंगा यंत्रांच्या चाकांत अडकतात. ती जाळली तर त्याहून वाईट, कारण पॉलियुरेथेन फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असते. आपल्याकडे थंडीत शेकोटीसाठी असला फोम पेटवतात, हे मी लहानपणी पाहिले आहे आणि त्या काळ्या धुराभोवती आम्ही मुले उभी असायचो.

शेजारच्या कनेक्टिकटने २०१३ सालीच कायदा करून गादी विकतानाच बिलावर तिच्या विल्हेवाटीचे शुल्क लावायची सोय केली. कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंड यांनीही तेच केले. मला ही रीत अधिक न्याय्य वाटते. गादी घेताना माणसाकडे पैसे असतात आणि उत्साहही असतो, टाकताना यांपैकी काहीच नसते. टाकताना पैसे मागितले की काही लोक रात्रीची वाट पाहतात, मग ते पुण्यातले असोत की इथले. आपल्याकडे फोमच्या गाद्यांच्या पानभर जाहिराती येतात, हप्त्याने गादी मिळते, जुनी बदलून नवी देण्याच्या योजना असतात. त्या जुनीचे पुढे काय झाले, हे दुकानदाराला विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला का नसावा? कचरावेचक बाईशी तीनशे रुपयांसाठी भांडण्यापेक्षा सोसायटीने हा प्रश्न विचारायला हवा होता.

हे सगळे मी सोसायटीच्या सभासदांना लिहून पाठवले. एकाच ओळीचे उत्तर आले: ‘तुम्ही तिकडे बसून आम्हाला शिकवू नका.’ ते मला फार लागले. कारण मी आजवर पुण्याविषयी जे काही बोलले आहे, ते पुणे माझे आहे असे समजूनच बोलले आहे, आणि ‘तिकडे’ या एका शब्दाने तो समज काढून घेतला. खरे तर माझ्याकडे त्यांना देण्यासारखे उत्तर होते. इथले सगळे स्वच्छ आहे असे मी म्हणतच नाही. आमच्या राज्याचा कितीतरी कचरा मालगाड्यांनी आणि ट्रकांनी परराज्यांत जातो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या वाट्याला आला, त्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीसारखी आमचीही गावे दूर कुठेतरी आहेत आणि तिथल्या लोकांचे चेहरे आम्हाला दिसत नाहीत, एवढाच फरक आहे.

आणखी एक गोष्ट मी त्यांना लिहिली नाही, ती इथे लिहिते. आम्ही २००७ साली बोस्टनच्या ऑल्स्टन भागात राहायला आलो ते १ सप्टेंबरला, म्हणजे तिथल्या कितीतरी घरांतले भाडेकरू ज्या दिवशी बदलतात त्या दिवशी. फुटपाथवर सोफे, टेबले आणि गाद्या यांचे ढीग लागले होते. पैसे नव्हते, म्हणून आम्ही त्यांतली एक स्वच्छ दिसणारी गादी उचलून तिसऱ्या मजल्यावर नेली. चार दिवसांत अंगावर ढेकणांचे चट्टे उठले. ती गादी कोणाला दाखवायची लाज वाटली, कोणाला विचारायचे हे कळले नाही, आणि एका रात्री आम्ही ती एका दुकानामागच्या डम्पस्टरला, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या पेटीला, टेकवून परत आलो. तिच्यावर ढेकूण असल्याची चिठ्ठीसुद्धा लावली नाही. सकाळी ती तिथे नव्हती. आमच्यासारख्याच कोणीतरी ती उचलली असेल, ही शंका मला अजून छळते. म्हणून ओढ्याकाठी गाद्या टाकणाऱ्याचे मन मला कळते, आणि कळते म्हणूनच मला त्याचा राग येतो.

पुण्याला कोणाकडून शिकायची गरज नाही, हे मात्र मला त्या उत्तर देणाऱ्या गृहस्थांपेक्षा जास्त पटते. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते. कपडे, फर्निचर अशा मोठ्या वस्तूंसाठी तिच्या ‘व्ही-कलेक्ट’ मोहिमा होतात. अमेरिकेत ज्या कामासाठी वेगळे कायदे करावे लागले, ते काम पुण्यातल्या बायका कितीतरी आधीपासून आपल्या हातांनी करत आल्या आहेत. त्या हातांना दाम द्यायचे नसेल, तर परदेशाचे उदाहरण तरी देऊ नये.

शिवाय गादी ही टाकायची वस्तू आहे, हेच आम्हाला लहानपणी ठाऊक नव्हते. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात पिंजारी यायचा. अंगणात जुनी खोळ उसवली जायची, गोळे झालेला कापूस बाहेर पडायचा आणि पिंजणाच्या ताणलेल्या तातेचा तो आवाज सुरू व्हायचा. दुपारपर्यंत कापसाचा ढग व्हायचा, आमच्या केसांत आणि भुवयांवर त्याचे तंतू बसायचे. आई नव्या गादीपाटाची खोळ आधीच शिवून ठेवायची. संध्याकाळी दाभणाने टाके घालून तीच गादी नवी होऊन घरात यायची, आणि कापूस थोडा कमी भरला तर उरलेल्यातून दोन उशा निघायच्या. त्या गादीला स्टिकर, शुल्क, कायदा यांपैकी काहीच लागत नव्हते. लागायची ती पिंजाऱ्याची मजुरी, आणि ती द्यायला आईने कधी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही.

आईने आम्हा भावंडांसाठी अशा दोन गाद्या करून घेतल्या होत्या. माझी गादी मी इकडे आल्यापासून जुन्या चादरीत बांधून माळ्यावर होती. घर रिकामे करताना ती खाली आली आणि दादाने विचारले, ‘तुझ्या गादीचे काय करू? कोण झोपणार तिच्यावर?’ मी दोन दिवस उत्तर दिले नाही. दर वेळी चार आठवड्यांसाठी येऊन हॉटेलात राहिल्यासारखी राहणारी मी, तिच्यावर माझा हक्क सांगावा की नाही, हेच मला ठरवता येईना. शेवटी मी त्याला लिहिले की टेम्पोवर मशीन घेऊन येणाऱ्या गादीवाल्याकडून ती पिंजून घे, तो मागेल ते पैसे दे, आणि डिसेंबरमध्ये मी आले की माझे अंथरूण त्याच गादीवर घाल. पुनर्विकास होईपर्यंत राहायच्या भाड्याच्या घराला माळा नाही, तेव्हा गादी ठेवायची तर ती रोजच्या वापरात काढावी लागेल, असे त्याने कळवले आहे. मी हो म्हटले आहे.