मांडीवरचं बाळ आणि तो १० किलोचा हिशोब

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की सिटीत गाडी ४० च्या वर जातच नाही, मग १० किलोचं बाळ मांडीवर घट्ट धरलं की झालं, कारण बाळाला रोखायला १० किलोचीच ताकद लागते. हे साफ चुकीचं आहे, प्लीज पुढे पाठवू नका.

१० किलो उचलायला जेवढा जोर लागतो तो वेगळा आणि वेगात असलेलं १० किलो थांबवायला लागतो तो वेगळा. कर्वे रोडवर ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ११.१ मीटर, आणि धडक बसून गाडी समजा ०.१ सेकंदात थांबली तर बल = वस्तुमान × त्वरण (त्वरण म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो ते, इथे ११.१ ÷ ०.१ = १११), म्हणजे १० × १११, जवळजवळ ११०० न्यूटन, म्हणजे ११० किलोचं पोतं एकदम हातात आल्यासारखं, कुठल्याच आईबाबांना ते पेलणार नाही हो.

आणि बाळाला कोणी पुढे ढकलत नसतं, गाडी थांबते पण बाळ त्याच वेगाने पुढे जात राहतं, न्यूटनचा पहिला नियम. चाइल्ड सीट मागच्या सीटवरच लावा, पुढे एअरबॅग उघडली तर तिचाच फटका बाळाला बसतो.