कडेनं नको, चिखलातूनच चला

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलवाटांवरचा लेख आवडला, पण ‘चिखल लागला की वाटेच्या कडेनं चाला’ हा सल्ला कृपया काढून टाका. नेमकं तेच करू नये! एकेक जण कडेला सरकत जातो आणि हातभर पायवाटेचा गाडीरस्ता होतो. अंजनी-जांभळाची बोटभर रोपं बुटाखाली जातात, पाचोळा हलला की लाल माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात तिथंच ओघळ पडतो. १९५८ पासून राखलेलं अभयारण्य आहे हे, राज्यातलं पहिलं.

शिवाय कडेला सुख असतं असंही नाही, जळवा तिथल्याच ओल्या पाचोळ्यात असतात. आमच्याबरोबर वाट दाखवायला येणारी गावची पोरं सरळ चिखलातून जातात. त्यांच्यामागून चालतच मी हे शिकलो. बूट भरले तर भरू देत.